विहिरीतला हत्ती

"मध्येमध्ये हं म्हणायचं बरं का, नाहीतर गोष्ट बंद!" रंगूतात्यांनी उघड्या छातीवर निजवलेल्या नातीला दम भरला.

दिवस भरायच्या फार आधी आलेली ही पोर त्यांच्या पायताणाच्या जोडाहून हलकी होती. श्वासाची नळी सकाळीच काढलेली. आता स्वतःहून श्वास घेत राहिली, तरच खरं. "छातीची ऊब द्या, हळू बोलत राहा. श्वास घ्यायला विसरली, तर तळव्याला गुदगुली करा," सिस्टरने बजावलं होतं.

"ह्यांना बोलायला सांगताय?" शेजारी बसलेली आजी म्हणाली. "गप्प बसायचं औषध असेल तर बघा."

गोष्टीत तात्यांनी विहिरीत पडलेला हत्ती एकट्याने, धोतराच्या सोग्याने, निम्मा वर ओढला होता, तेवढ्यात पोरीला जोडलेलं मशीन केकाटलं. पोर निळसर पडली.

तात्यांचं बोट तळव्यावर भराभर फिरू लागलं. "श्वास घे गं बाई! बरं, हत्ती नव्हता, म्हैस होती. नाही पटत? शेळी होती, शेळी! देवाशपथ!"

पोरीने दचकून श्वास ओढला, बारीकशी कुरकुरली. मशीन गप्प झालं.

आजीने पदराने डोळे टिपले. "लग्न झाल्यापासून मला मात्र हत्तीच सांगत आलात की हो!"