घोडेस्वार

"या घोडेस्वारापुढे येणाऱ्या पिढ्या माना झुकवतील!" उमेदीच्या काळात आणलेल्या, इतकी वर्षं जपून ठेवलेल्या दगडावर थाप मारत शिल्पकाराने जाहीर केलं, आणि आठवडाभरात घोड्याचा पुढचा पाय त्याच्या हातात आला. दगडात चुकलं की भर घालता येत नाही, आणखी कमीच करावं लागतं.

"घोडा कुठे गेला रे, बाळ्या?" थोरल्या बहिणीने विचारलं.

"घोड्यामुळे स्वाराकडे लक्षच जात नव्हतं, ताई. आता नुसता योद्धा."

योद्ध्याचा हात गेला तेव्हा त्याला अर्धपुतळा जास्त भारदस्त वाटू लागला. नाक उडालं तेव्हा तो म्हणाला, चेहरे जुने झाले, आता शुद्ध गोल. ताई दर वेळी "बरं हो" म्हणायची आणि कपच्या झाडून काढायची.

मग गोलालाही तडा गेला. त्याने छिन्नी उचलली. या खेपेला काय करायचंय ते त्याला सांगता येईना, पण हातही थांबेना.

ताईने झाडू बाजूला ठेवला आणि हलकेच त्याचं मनगट धरलं.

"बाळ्या, पुरे कर आता. मागचं दार वाऱ्याने सारखं आपटतं. त्याला लावायला एवढा दगड तरी राहू दे."