तिघांना एकच मेल

आयुष्यभर घरोघरी टपाल वाटलेल्या बाबांना एक पक्कं ठाऊक होतं: पत्र आपल्या एकट्यालाच आलंय असं वाटलं, की माणूस ते दोनदा वाचतो. म्हणून तिन्ही मुलांना ते दर महिन्याला एकच मेल पाठवत, पण पत्ते ‘बीसीसी’त झाकून, एकाला दुसऱ्याचं नाव दिसायला नको. “बाळा, फक्त तुलाच लिहितोय. एकदा भेटून जा.”

दर वेळी कुणातरी एकाचंच उत्तर येई. बाकीचे दोघे कामात असतील, अशी बाबा मनाची समजूत घालत.

आज मात्र घाईघाईत तिन्ही पत्ते उघडेच राहिले आणि मेल गेलासुद्धा. बाबांना वाटलं, आता पोरं म्हणणार, म्हातारा आपल्याला बनवतोय!

पहिलं उत्तर लेकीचं आलं. भावांना लिहिता लिहिता तिने ‘रिप्लाय ऑल’ दाबलं होतं.

“दादा, या वेळी उत्तर द्यायची पाळी तुझी. मागच्या महिन्यात मी दिलं होतं. येतो म्हणून टाक, म्हणजे महिनाभर शांतता.”

बाबा अजून तेच वाचत होते, तेवढ्यात थोरल्याचा मेल आला. फक्त बाबांना.



“बाबा, पुढच्या महिन्यात नक्की येतो.”