दिवेलागणीची हजेरी

कोरेगावच्या घरात, ओसरीवर बसून क्रांतीनं अखेर ती चूक पकडली. पंपाच्या बोर्डाचा ड्रायव्हर, म्हणजे बोर्ड चालवणारा प्रोग्रॅम, पुरता तयार व्हायच्या आतच सिस्टीम त्याला झोपेतून उठायची हाक मारत होती, म्हणून बोर्ड मुका पडत होता. पुण्याच्या ऑफिसात भल्याभल्यांना हे उमगलं नव्हतं.

तिनं क्रम फिरवला. आधी तयारी, मग हाक. बोर्ड जागा झाला की लॅपटॉपवर 'हजर' उमटावं, अशी एक ओळही हौसेनं घातली. फौजीची लेक ना ती!

बोर्ड झोपला, हाक गेली, 'हजर' उमटलं.

"बघितलंत का आबा?"

"लय भारी!" निवृत्त सुभेदार लालासाहेबांची छाती फुगली. "मशिनला बी शिस्त लावली गं तू."

क्रांतीनं वायर काढून बोर्ड पिशवीत ठेवला. लॅपटॉप तेवढा उघडाच राहिला.

दिवेलागणीला रोजच्या रिवाजानं आबा ओसरीवर ताठ उभे राहिले आणि घरच्यांची हजेरी घेऊ लागले.

"अंजना!"

"हजर," आई आतून म्हणाली.

"क्रांती!"

तिनं तोंड उघडण्याआधीच लॅपटॉपवर 'हजर' उमटलं.

क्रांती चपापली. तिनं पिशवीतला बोर्ड चाचपला; तो गार, बंदच होता. मग आपणच ओ द्यावी म्हणून तिनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. पुन्हा जोर लावला. ओठ नुसतेच हलले.

आबांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. लॅपटॉपपुढं वाकून, भरल्या डोळ्यांनी त्यांनी त्या अक्षरांवरून हात फिरवला.

"शाबास, माझ्या पोरी."