आणखी एक चक्कर

मरोळच्या शोरूममधून निघालेली गाडी आरेच्या रस्त्याला लागली तरी नितेशने मायलेज विचारलं नाही, तेव्हाच दर्शनाच्या मनात पाल चुकचुकली.

सात वर्षं ती गाड्या विकत होती. ज्याला गाडी घ्यायची असते तो भांडतो. डिस्काउंटवरून भांडतो, पायाखालच्या मॅट फुकट द्या म्हणून भांडतो, दुसरीकडे याहून स्वस्त मिळतेय अशा बेधडक थापा मारतो. हा गृहस्थ मात्र टेस्ट ड्राइव्हला बसल्यापासून गप्प. सनरूफ उघडून दाखवलं, "छान आहे." मागचा कॅमेरा दाखवला, "छान आहे." अरे बाबा, मेथीची जुडी घेतानासुद्धा माणूस चार शब्द जास्त बोलतो!

शोरूमच्या मॅनेजरची, विद्याधर सरांची शिकवण तिला आठवली. पुरुषाला इंजिन दाखव, पण लक्ष बाईकडे ठेव. गाडी बाई ठरवते.

"बघा मॅडम, दोन बेबी सीट लावूनही मधे ऐसपैस बसता येतं," असं म्हणत ती मागे वळली.

बाई झोपली होती. दोन बाजूंना दहा महिन्यांच्या जुळ्या मुली, गार्गी आणि निधी, मधे त्यांची आई रुचिरा, आणि तिघींची तोंडं उघडी. रुचिराच्या हातातली दुधाची बाटली तिरकी होऊन तिच्याच कुडत्यावर ठिबकत होती. पायाशी लंगोट भरलेली पिशवी होती. पिशवीवर भलत्याच कंपनीच्या मुलुंडच्या शोरूमचं नाव.

"मुलुंडला जाऊन आलात वाटतं," दर्शना म्हणाली.

नितेशचे कान लाल झाले. "गेल्या रविवारी. त्याच्या आधी घाटकोपरला."

"मग? कुठली पसंत पडली?"

त्याने आरशातून मागच्या तिघींकडे पाहिलं.

"ताई, खरं सांगू? पहिल्यांदा गेलो ते घ्यायलाच गेलो होतो. पण त्या चकरेत दोघी एकदम झोपल्या. जन्मल्यापासून पहिल्यांदा! घरी एक निजली की दुसरी उठते. पोरी झोपल्या आणि मागोमाग हीसुद्धा. हिची आई गावी अंथरुणाला खिळलेली, माझी तर नाहीच. भाड्याची गाडी करून बघितली एकदा, पण त्या ड्रायव्हरचा हॉर्न थांबेल तर शपथ."

"म्हणजे गाडी घ्यायची नाहीये."

"पुढच्या वर्षी जमलं तर..."

दर्शनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. महिन्याचा शेवटचा दिवस, टार्गेट एका गाडीने अडलेलं. लागोपाठ दोन महिने हुकलं होतं, आणि तिसऱ्यांदा हुकलं की सर सरळ घरी बसवतात. आणि या शहाण्याने माझ्या डेमो गाडीचा पाळणा केलाय!

"वळवा गाडी," ती म्हणाली.

तेवढ्यात सरांचा फोन आला. "दर्शना, कुठेयस? चंद्रप्रकाश म्हणून पार्टी बसलीये, बायको-पोरांना घेऊन आलेत. तुझ्याकडचंच मॉडेल बघायचंय, एक चक्कर मारली की आजच बुक करतायत. लवकर ये. आकाशही डेमोला बाहेर गेलाय, त्याची गाडी आधी आली तर पार्टी त्याची, मग मला बोलायचं नाही."

"निघालेच, सर."

नितेशने गाडी कडेला घेऊन थांबवली, मागून येणारी बस जाऊ दिली. गाडी थांबली तशी निधी कुरकुरली. रुचिराने डोळे उघडले नाहीत. तिचा हात मात्र उठला आणि थोपटायला लागला. पोरीला नाही, स्वतःच्याच गुडघ्याला. "हो गं बाय, हो, हो," ती झोपेतच पुटपुटली.

दर्शनाचा अनिरुद्ध तान्हा असताना तीही अशीच थोपटायची, पोर दुसऱ्या खोलीत असलं तरी. मग परभणीहून तिची आई, शांताबाई, आली. शांताबाईंनी नातवाला काखोटीला मारलं आणि लेकीला म्हणाल्या, "मर तिकडं, झोप जाऊन." त्याहून प्रेमाचं वाक्य दर्शनाला आयुष्यात पुन्हा कुणी ऐकवलं नव्हतं.

"थांबू नका," ती घाईघाईने म्हणाली. "उठतील त्या. सरळ घ्या, पवईपर्यंत."

"पण तुमचं ते बुकिंग..."

"माझं मी बघते. तुम्ही खड्डे बघा."

तलाव आला, गेला. तिकडून वळून गाडी पुन्हा आरेत शिरली, गोठ्यांवरून पुढे आली. दर्शनाचा राग अजून गेला नव्हता. आपण काय घालवतोय हेही तिला चांगलं कळत होतं. मधेच हात मागे करून तिने रुचिराच्या मुठीतून बाटली अलगद सोडवली आणि एसीचं तोंड दुसरीकडे फिरवलं.

मरोळचं वळण दिसायला लागलं आणि फोन पुन्हा वाजला. आता सरांच्या आवाजात घाई नव्हती.

"बुक केली आकाशने. थांबलो होतो गं मी तुझ्यासाठी, पण ते लोक थांबेनात. आता तुझी आहे ती पार्टी तरी हातची जाऊ देऊ नकोस. बाईंना आवडली का गाडी?"

दर्शनाने मागे पाहिलं. रुचिराचं डोकं गार्गीच्या सीटवर कललं होतं आणि ती चक्क घोरत होती.

दर्शनाने नितेशला हातानेच गाडी पुन्हा आरेकडे वळवायची खूण केली.

"फार आवडली, सर," ती कुजबुजली. "उतरायलाच तयार नाहीत."