भांडं पडलं

"माझ्या आदी श्वास घ्यायची ती. मालक कोन, मी का मशीन? मिठागरात पानी माझ्या हुकमानं शिरायचं, आन म्हातारपनी वारा हिच्या हुकमानं?"

दुपारच्या झोपेसाठी मास्क नाकावर चढवता चढवता काशीराम पुटपुटले. त्यांची बायको कमळाबाई उशी नीट करत होती, त्यामुळे सगळं थेट तिच्या कानात.

"आता नाय ना ढकलत?"

"आता गरीब गाय झालीया," असं म्हणून काशीराम कुशीवर वळले.

मागच्या आठवड्यापर्यंत ती गाय नव्हती. काशीरामांच्या घशात काही अडत नव्हतं. झोपेत त्यांचा मेंदूच श्वास घ्यायचं विसरतो, असं पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. तो विसरला की मशीन आपणहून हवा आत ढकलायची. काशीराम दचकायचे, चिडायचे, पण श्वास चालू राहायचा. मग लेक पूर्वी हिच्या लग्नाचा मांडव दारात उभा राहिला. घर पाहुण्यांनी भरलं, आणि नवरीच्या बापाला पाहुण्यांदेखत असं दचकत झोपायची लाज वाटायला लागली. त्यांच्या मुलानं, धनेशनं, मशीन विकणाऱ्याला फोन लावला, तो सांगेल तशी बटणं दाबली आणि ते ढकलणं बंद करून टाकलं. डॉक्टरांना लग्न झाल्यावर विचारू, असं ठरलं.

तेव्हापासून काशीराम फार शांत झोपत होते.

"बघ कसा लेकरावानी झोपलाय माझा भाव," उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसलेली सोनाबाई म्हणाली. ती काशीरामांची थोरली बहीण. "आदी नुसता टरक घरघरायचा."

बाहेर येऊन ताट पुसणारी कमळाबाई थांबली. ती ऐकत होती. आत श्वास चालला होता. मोठा, मग लहान, मग आणखी लहान. मग नाहीच. नळीतली हवा तेवढी सुसू करत राहिली. ओहोटी संपून भरती लागायच्या आधी खाडीचं पाणी जागीच उभं राहतं, तसं घर उभं राहिलं. पाण्याचं बरं असतं. ते वळतंच.

तिनं हातातलं ताट सोडून दिलं.

ताट फरशीवर गिरक्या घेत वाजलं. आत काशीरामांनी ओरबाडल्यासारखा श्वास ओढला आणि गाडी पुन्हा सुरू झाली.

"हाताला भोकं पडलीत का गं तुज्या?" सोनाबाई म्हणाली. "रोज भांडी पाडतंस."

"वय झालं, वन्सं."

"आन धनेशचंबी वय झालं? सकाळी त्यानं हंडा पाडला." एवढं बोलून सोनाबाई निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडू लागली.

खरं म्हणजे या घरात आताशा सगळ्यांच्याच हातून काही ना काही पडत होतं. धनेश बापाच्या खिडकीवरून जाताना मोटरसायकलच्या किल्ल्या गजांवर घासत जायचा. नवरी म्हणून पूर्वीला कुठल्या कामाला हात लावू देत नव्हते, तरी तिच्या हातून कपाटाचं दार धाडकन आपटायचं. सोनाबाईला खोकला झाला होता, तो भाऊ झोपला की यायचा. कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं.

कमळाबाईनं एकदा तोंड उघडून पाहिलं होतं. "वन्सं, यांचा श्वास..."

"मांडवाखाली अभद्र बोलू नको," सोनाबाईनं तिथंच अडवलं होतं. "पोरगी सासरी जाऊं दे, मंग काय ते बोल."

दारात टेम्पो येऊन लागला. संध्याकाळच्या हळदीसाठी डीजेवाले आले होते. माणसाएवढे काळे डबे मांडवात उभे राहिले आणि कुणीतरी चाचणी म्हणून बटण दाबलं.

भिंतीला धक्का बसावा तसा आवाज आला. तांदूळ सुपात नाचले. कमळाबाईला आतलं काहीच ऐकू येईना. ना श्वास, ना नळी. ती उठून धावली.

खोलीत धनेश आधीच पोचला होता, किल्ल्या खुळखुळवत. मागून हिरव्या चुड्याच्या हातात तवा आणि पळी घेऊन पूर्वी आली. सोनाबाई घाईत सूपच घेऊन आली होती. सूप बिचारं वाजून वाजून किती वाजणार? सगळी मिळून वाजवत होती आणि कुणाचंच ऐकू जात नव्हतं. काशीरामांची छाती हलत नव्हती. ओठ मिठागरातल्या चिखलाच्या रंगाचे झाले होते.

कमळाबाईनं त्यांचे खांदे धरून गदागदा हलवलं.

एकदा. पुन्हा. मग त्यांनी घोट घ्यावा तशी हवा घेतली, डोळे उघडले आणि मास्क ओढून काढला. तेवढ्यात बाहेरचा आवाजही बंद झाला.

काशीरामांनी किल्ल्या पाहिल्या, तवा पाहिला, सूप पाहिलं.

"काय झालं रं?"

"काय नाय बाबा. भांडं पडलं," धनेश म्हणाला.

"मांजर आलं व्हतं," सोनाबाई म्हणाली.

"चौघांना मिळून एक मांजर?" काशीराम हसले. पूर्वीही हसायला गेली, पण तिच्या हातातली पळी तव्यावर टकटक वाजायला लागली आणि तिला ती थांबवता येईना.

मांडवातून डीजेवाला ओरडला, "काका, टेन्शन नका घेऊ! रातीला याच्या डबल वाजवतो!"

सोनाबाईनं कमळाबाईच्या तोंडाकडं पाहिलं आणि मान हलवली. नको.

कमळाबाई पलंगाच्या कडेला बसली. नवऱ्याच्या गालावर मास्कचा वळ उठला होता, तो तिनं अंगठ्यानं पुसल्यासारखा केला.

"मांजर नाय," ती म्हणाली. "तुमी झोपंत मरता. आमी वाजवून परत आनतो."