चहाची वेळ

खालच्या अख्ख्या वस्तीला मतदानाची एकच खोली, त्यामुळे रांग पार नाल्याच्या पुलापर्यंत गेलेली. कामाला उशीर होतोय म्हणून शेजारीण रांग सोडून निघाली, तेव्हा मागे उभ्या असलेल्या मावशींनी तिला चांगलंच झापलं. "तुमच्यासारख्यांमुळेच आपल्या वस्तीचं नाव खराब होतं!"

तासाभरात रांग जेमतेम चार पावलं सरकली आणि मावशींचीच चुळबुळ सुरू झाली. एक डोळा दारावर, एक घड्याळावर. शेवटी स्वतःलाच शिव्या घालत त्यांनी रांग सोडली आणि कामावर जायला धावत बस पकडली.

टेकडीवरच्या कॉलनीत मतदानाच्या तीन खोल्या होत्या आणि तिथल्या अधिकाऱ्यांना चहा द्यायचं काम मावशींकडे होतं. लोक यायचे, दोन मिनिटांत बोटाला शाई लावून गाडीत बसायचे. मधल्या वेळात ते माश्या मारत होते. मावशींनी घाम पुसला, किटली उचलली आणि त्यांच्यासाठी कप मांडले.

"काय हो मावशी," एका साहेबांनी आळस देत विचारलं, "तुमच्या वस्तीत दर वेळी मतदान इतकं कमी कसं? लोकांना काही पडलेलीच नाही का?"

मावशींनी चहा ओतून कप त्यांच्यापुढे सरकवला. थोडा चहा बशीत सांडला.

 

"पडलीय ना साहेब. पण तुमचा चहा वेळेवर यायला नको?"