झाकलेला डोळा

माझ्या अभ्यासातल्या दोनशे बारा डोळ्यांपैकी तक्रार फक्त एकाच डोळ्याची होती. मोतिबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यात जंतू उरतात का, एवढंच मला बघायचं होतं, आणि या एका डोळ्यापायी सगळं अडून बसलं होतं. तो डोळा ज्या आजींचा, त्यांची सून दर तपासणीला तेच सांगायची, "डॉक्टर, संध्याकाळ झाली की सासूबाई खिडकीत बसतात आणि ऑपरेशनचा डोळा हाताने झाकून घेतात. काहीतरी खुपत असणार."

मी तीनदा पापणी खाली ओढून कापसाच्या काडीवर नमुना घेतला. तिन्ही वेळा काचेच्या बशीत वाढवून पाहिला, तरी जंतू औषधालाही सापडला नाही. तक्त्यावरची शेवटची ओळसुद्धा आजी घडाघडा वाचत होत्या.

शेवटी मी सुनेला बाहेर बसवलं. "आजी, खरं सांगा, डोळा दुखतो का?"

"अगं छे! लख्ख दिसतं. फाटकातून कोण येतंय ते खिडकीतून ओळखते."

"मग झाकता कशाला? आणि दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही नको म्हणता!"

आजींनी एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"धाकटा मुलगा घर सोडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. या डोळ्याने बघितलं की फाटकातून येणारा पोस्टमन असतो, नाहीतर शेजारचं कोणीतरी. त्या अधू डोळ्याने बघितलं, की फाटकापासून पायरीपर्यंत तरी तोच असतो."